फाटकवाल्यानं मारला नाही

१६ मार्च १९७९, शुक्रवार

लागलाय! ‘बंद फाटक’ लागलाय!

मेनरोडच्या मागच्या थेटरात, सकाळच्या खेळाला. सायकल पुढे गेली होती. उतरलो, ढकलत मागे आलो, पुन्हा वाचलं. पिवळ्या कागदावर निळ्या रंगाने हाताने लिहिलंय. छापायचीसुद्धा तसदी घेतली नाही लेकाच्यांनी.

डोअरकीपर गोटीराम ओळखीचा. म्हणाला, “धोंडीरामभाऊ, बुक केलेली फिल्लम आलीच नाय. म्हणून येळ मारून न्यायला लावलाय. चांदवडकडचा तंबूवाला भिमाजी हाय ना, त्याच्याकडची जुनी पेटी. गुरुवारपर्यंत चालंल.”

भिमाजीच्या तंबूचीच पेटी! म्हणजे आम्ही पाहिली तीच!

घरी आलो, कुलूप काढलं आणि आत पाय टाकता टाकता म्हणून गेलो – “अगं, ऐकलंस का –”

मागच्या श्रावणात गेली ती. तोंडाची सवय अजून गेली नाही.

१७ मार्च, शनिवार

झोप नीट नाही. उगाच लहान पोरासारखं झालंय.

आमच्या लग्नानंतरची पहिली चैत्री जत्रा, शकूच्या माहेरी, चांदवडच्या अलीकडे. तिथे भिमाजीच्या बापाचा तंबू असायचा. दोघांनी मिळून पाहिलेला पहिला सिनेमा हा. मिळून म्हणजे काय – तंबूच्या दारापर्यंत मिळून. आत ती बायकांत, मी पुरुषांत. तंबूची रीतच ती. सिनेमा सुटल्यावर लिंबाखाली भेटलो. मी खुशीत होतो. तिचे डोळे रडून लाल.

मी म्हटलं, “अगं, सुटला की फाटकवाला! रडतेस काय?”

ती म्हणाली, “सुटला म्हणून तर! खून करून सुटला मेला. आन् त्या गरीब मुकादमाला अडकवला.”

तिथून जे भांडण सुरू झालं ते जन्मभर पुरलं. मी म्हणायचो, फाटकवाल्यानं मारला नाही. ती म्हणायची, त्यानंच मारला. मी म्हणायचो, तू झोपली होतीस. ती म्हणायची, तुमचेच डोळे फुटले होते. भाजीत मीठ जास्त झालं की मी म्हणायचो, “हे काम मुकादमाचं.” ती म्हणायची, “नाही, फाटकवाल्याचं. पण सुटंल तो. जजानं पैसे खाल्लेत.” पोरबाळ झालं नाही आम्हाला. घरात तिसरं चौथं कोणी असेल तर हे दोघे – फाटकवाला आणि मुकादम.

पुन्हा पाहून सोक्षमोक्ष लावायचा राहूनच गेला. छप्पन साली धम्म घेतला, जत्रा सुटल्या, तंबूही सुटला. नाशकात तो सिनेमा कधी आलाच नाही. कोणाला विचारावं तर कोणी नावही ऐकलेलं नाही.

दवाखान्यात, शेवटी शेवटी, बोलायची ताकद नव्हती. तरी म्हणाली, “परत लागला ना कधी, तर बघा. नीट बघा. आन् मग मला सांगा.”

हो म्हटलं होतं.

१८ मार्च, रविवार

पाहिला.

थेटरात माझ्यासकट दहा-बारा डोकी. त्यातली निम्मी झोपायला आलेली. फिल्म जुनी, अंगावर नुसत्या रेघा. मधे मधे आवाज खोल जातो. एकदा तुटली, तेव्हा मागून शिट्ट्या. मला काही वाटलं नाही. मी पुढच्या रांगेत बसलो होतो.

काय सिनेमा आहे! तेव्हा पोरवयात कळला नव्हता. घाटातलं रेल्वेचं फाटक, तिथे राघू नावाचा फाटकवाला. एका पहाटे धुक्यात फाटकाजवळ ठेकेदाराचं प्रेत सापडतं. शेजारी राघूचा हातोडा. झालं – धरला राघूला. खून कोणी पाहिलेला नाही. आपल्यालाही दाखवत नाहीत. भिंतीवर नुसती सावली, हातोडा वर गेलेला.

आणि तो नट! पाटीवर नाव येतं आणि जातं. त्याचं दुसरं काही कधी पाहिलं नाही, ऐकलं नाही. पहिल्याच प्रसंगात कंदिलाच्या उजेडाने फाटकाच्या गजांची सावली त्याच्या तोंडावर पडते. अजून खूनही झालेला नाही, पण माणूस गजाआड गेलाच. कोणी बोलून सांगत नाही. हेच आवडलं मला – या सिनेमात महत्त्वाचं काही कोणी बोलून सांगतच नाही.

कोठडीतला प्रसंग तर काळजात बसला. लांबून गाडीची शिट्टी ऐकू येते आणि राघूचा उजवा हात आपोआप उचलला जातो. फाटक ओढायला. फाटक कुठे आहे तिथे? हात थोडा वेळ तसाच हवेत. मग तो त्याच्याकडे बघतो आणि खाली घेतो. शिट्टी परत. हात परत वर. बाजूचा कैदी हसतो.

मी नाही हसलो. दाराशी ‘अगं’ म्हणणाऱ्या माणसाने काय हसायचं!

शेवट असा – डॉक्टर साक्षीत सांगतो, मारणारा डावखुरा होता. सबंध सिनेमात तेवढं एकच वाक्य पुराव्याचं. मग जज राघूला म्हणतो, “त्या पहाटे कंदील कसा दाखवलास, दाखव.” राघू कंदील उचलतो. उजव्या हाताने. जज चष्मा काढतो, पुसतो. राघू सुटला. मग स्टेशनात फौजदार ठेकेदाराच्याच मुकादमाकडे काड्याची पेटी फेकतो, बिडी पेटवायला. मुकादम झेलतो – डाव्या हाताने! फौजदार बघत राहतो. पुढे बेड्या. मुकादम कबूल करत नाही, नाकारत नाही. गाडी धडधडत जाते आणि फाटक बंद.

दिव्यासारखं स्वच्छ आहे सगळं. फाटकवाल्यानं मारला नाही.

जिंकलो. बाहेर आलो तर ऊन. कोणाला सांगू?

१९ मार्च, सोमवार

शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या, “काल भाजी घेऊन आले तर तुमच्या दाराला कुलूप.” म्हटलं, सिनेमाला गेलो होतो. “एकटेच?” – हो. वाटी हातात देऊन गेल्या. एकटेच!

२० मार्च, मंगळवार

अर्धी रजा टाकून पुन्हा पाहिला. आज शकूचे मुद्दे डोक्यात धरून गेलो. मी चाळीतला भांडखोर माणूस, पण कोणावर अन्याय करायचा नाही.

शकू म्हणायची, फाटकवाल्याच्या उजव्या गालावर जखमेची खूण आहे. चूक. डाव्या गालावर आहे.

शकू म्हणायची, तो जेवतोसुद्धा डाव्या हाताने, घाणेरडा. चूक. उजव्याने जेवतो, चांगला चवीने.

शकू म्हणायची, मुकादमाने पेटी उजव्या हाताने झेलली, तरी धरला बिचाऱ्याला. चूक.

शकू म्हणायची, फाटकवाल्याची बायको गुजरातीण होती. यावर तर मी दर वेळी पोट धरून हसायचो. अगं, ती ‘मेल्या’, ‘मुडद्या’ म्हणते, गुजरातीण कशी असेल? तर म्हणे, “पदर गुजरातणीवाणी होता, मी बघितला.” आज मुद्दाम नीट पाहिलं. डाव्या खांद्यावर पदर. आपल्या बायांचा असतो तसाच.

एकूण एक मुद्दा चूक. एकही बरोबर निघू नये? काहीतरी एखादं बरोबर निघालं असतं तर बरं वाटलं असतं. उगाच वाईट वाटत राहिलं.

२२ मार्च, गुरुवार

आज शेवटचा खेळ. प्रेसमध्ये अक्षरांचे खिळे जुळवायचं काम सुटेना, जाता आलं नाही. संध्याकाळी थेटरावरून गेलो तर गोटीराम पिवळा कागद ओरबाडत होता.

म्हणाला, “पेटी उद्या परत चालली. चैत्रीच्या जत्रेत भिमाजी एकदा लावणार. मग बांगड्यावाल्याला.”

“बांगड्यावाल्याला?”

“मग काय! जुनी फिल्लम वितळवत्यात, त्याच्या बांगड्या करत्यात. दुसरी पेटी तर नाय ह्याची कुठं, आसं भिमाजीच म्हनतो.”

असो. मी पाहिला. दोनदा पाहिला. माझं काम झालं.

२७ मार्च, मंगळवार

भाकरी करपली. तशीच खाल्ली.

२ एप्रिल, सोमवार

चूल अजून पेटवली नाही. पण लिहिलंच पाहिजे.

दुपारी प्रेसमध्ये चौदा एप्रिलच्या जयंतीची पत्रकं जुळवत होतो. बाजूच्या दगडावर जुळवलेल्या मजकुराचा एक फर्मा आवळून ठेवला होता – कोणाच्या तरी आईच्या पुण्यस्मरणाचं कार्ड. वर म्हातारीच्या फोटोचा धातूचा ब्लॉक. मालक मोतीरामशेठच्या मिसेस डबा घेऊन आल्या होत्या. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “कोण हो या? गुजराती का? पदर उजव्या खांद्यावर आहे.”

मी खिळे वेचता वेचता, वर न बघता बोललो, “बाई, ब्लॉकात सगळं उलटं असतं. कागदावर आलं की सरळ.”

बोललो आणि खिळा हातातून पडला.

पडदा! तंबूत पडदा मधोमध असायचा! भिंत नव्हती मागे, नुसतं पांढरं धोतरासारखं कापड, दोन बांबूंना ताणलेलं. मशीन पुरुषांच्या बाजूला. पुरुष अलीकडे, बायका पडद्याच्या पलीकडे. कापडातून चित्र आरपार दिसायचं. त्यांनाही तोच सिनेमा दिसायचा – पण उलटा!

मी म्हातारीच्या ब्लॉककडे बघत राहिलो. मोतीरामशेठ म्हणाले, “काय झालं? चूक राहिली का?”

शकूच्या बाजूने राघूची खूण उजव्याच गालावर होती. तो डाव्याच हाताने जेवत होता. कोठडीत शिट्टी झाली की त्याचा डावाच हात वर जात होता. डॉक्टर म्हणाला, मारणारा डावखुरा, आणि सगळ्या कोर्टादेखत त्याने कंदील डाव्या हाताने उचलला. तरी जजाने सोडला! मग जजाने पैसे खाल्ले असं नाही वाटणार तर काय वाटेल बाईला? आणि मुकादमाने उजव्या हाताने पेटी झेलली – आणि त्याला बेड्या!

पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसली असणार. पण तिकडे वाचता कोणाला येत होतं? शकूला अक्षरं मी नंतर शिकवली, नाशकात आल्यावर.

पंचवीस वर्षं मी उलटे खिळे वाचून पोट भरतो. आरशातलं अक्षर मला सरळ अक्षराच्या आधी कळतं. आणि हे एवढं कळलं नाही! तीही हुशार, तिलाही नाही कळलं. दोघं एकाच तंबूत होतो ना – मग एकच पाहिलं असणार, असं धरून चाललो.

झोपली नव्हती ती. एक गोष्ट चुकीची सांगितली नाही तिने. दोघांनीही निरपराध माणसाचाच सिनेमा पाहिला. माणूस तेवढा वेगळा.

आणि आता हे सांगायला ती नाही. काय हसली असती! आधी हसली असती, मग म्हणाली असती, “तरी पण त्यानंच मारला.”

३ एप्रिल, मंगळवार

नीट बघा, म्हणाली होती. मी दोनदा पाहिला तो माझाच सिनेमा पाहिला. तिचा कुठे पाहिला?

५ एप्रिल, गुरुवार

बारा तारखेची रजा मागितली. मोतीरामशेठ बघतच राहिले. “जयंतीच्या तोंडावर रजा? आणि तुम्ही? दर वर्षी तर पत्रकांसाठी इथेच मुक्काम ठोकता.”

म्हटलं, सगळं आधी जुळवून देतो. चौदाच्या आत परत येतो.

“काम काय एवढं?”

जत्रेला जायचंय, असं काही तोंडातून निघेना. धम्म घेतलेला माणूस, जत्रेला! वसाहतीत कळलं तर मिरवणुकीत माझंच नाव घेतील. म्हटलं, सासुरवाडीला काम आहे. खोटं नाही ते.

पण त्या दिवसानंतर पेटी बांगड्यावाल्याकडे. हा खेळ चुकला तर शकूचा सिनेमा जगात कुठेच उरणार नाही. तिला काय दिसलं ते मग मी नुसतं मनात जुळवत बसायचं. मनात जुळवलेलं मला चालत नाही. प्रूफ लागतं.

९ एप्रिल, सोमवार

पत्रकं झाली. पाठ मोडली. कमळाबाईंना सांगितलं, दोन दिवस भाजी आणू नका. म्हणाल्या, “एकटेच चाललात?”

हो हो, एकटाच!

१२ एप्रिल, गुरुवार

सीबीएस स्टँडवरून पहिल्या एसटीने निघालो. उभ्याने प्रवास. गावात उतरलो तर दुतर्फा पाळणे, रेवड्या, धूळ. देवळाकडे न वळता सरळ साळूबाईकडे गेलो. शकूची धाकटी बहीण. शकूच्या मयतीनंतर आज भेटली. आधी रडली, मग चहा टाकला, मग म्हणाली, “आन् दाजी, तुम्ही जत्रंला? सूर्य कुठं उगवला?”

सांगितलं. पडद्याचं काही बोललो नाही. फक्त म्हटलं, ‘बंद फाटक’ बघायला आलो.

“अगं बया! त्यो फाटकवाल्याचा? आक्का आन् मी जोडीनंच बसलो व्हतो. मुकादमापायी आक्का किती रडली! मी बी रडले. गरीब मानूस लटकावला फुकाट.”

म्हणजे बाई जिवंत आहे अजून, मुकादमाच्या बाजूची! मी विचारलं, फाटकवाल्याची बायको कशी होती?

“गुजरातीन व्हती ना ती,” साळूबाई म्हणाली.

मी हसायला लागलो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, मग थांबेचना. साळूबाई घाबरली, पाणी घेऊन आली.

दुपारी तंबूवर गेलो. पडदा मधोमधच! भिमाजी म्हणाला, जागा अरुंद हाय, म्हणून बापाची रीत ठेवली, बायका पल्याडच बसत्यात. म्हटलं, मला पलीकडे बसायचंय. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“म्हातारपणी मार खायची हौस हाय का, पाव्हणं? बायकांत गडीमानूस बसला तर तंबू पेटवतील लोक. तिकीट घ्या आन् अल्याड बसा गुमान.”

दुप्पट तिकिटाचं बोललो. नाही. वितळवायच्या आधी शेवटचा खेळ आहे म्हटलं. नाही. बायको वारली, तिची जागा बघायचीय म्हटलं. तरी तो तयार झाला नाही. “माझ्या हातात नाय, भाऊ. बायका ठरवतील.”

परत आलो. ओट्यावर बसून राहिलो. एवढं येऊन चार बोटं जाडीच्या कापडाने अडवलं – चार बोटंसुद्धा नाही.

साळूबाईला मग सगळं सांगितलं. पडदा, आरसा, डावं, उजवं. तिने नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. “काय बी सांगता दाजी. आमी काय आंधळ्या व्हतो? सगळ्या जनींनी बघितलंय.” भांडण पुढे चालवायला शकूने माणूस ठेवलाय म्हणायचं!

पण मग उठली. पदर खोचला. म्हणाली, “चला माझ्यासंगं. आक्काच्या मालकाला कोन उठिवतंय बघते मी. डोक्यावरून घोंगडी घ्या आन् माझ्या आन् नवसामावशीच्या मधी बसा. तोंडातून शबूद काढायचा नाय.”

नवसामावशी ऐंशीच्या पुढची. तिला विचारलं तर बोळक्या तोंडाने म्हणाली, “बसू दे की. शकीचा नवरा हाय. तवा बी त्यो लिंबाखाली तिची वाट बघत हुता.”

पिपाणी वाजायला लागली. तिकिटं सुरू झाली वाटतं. घोंगडीला शेळीचा वास येतोय. निघतो.

१३ एप्रिल, शुक्रवार

चांदवडचा स्टँड. गाडीला अवकाश आहे.

पाट्या उलट्या आल्या. अख्ख्या बायकांत मी एकट्यानेच वाचल्या. त्या नटाचं नावसुद्धा. मग पुढे उलटं-सुलटं ध्यानातच राहिलं नाही, मी बघतच गेलो. मुकादमाला बेड्या पडल्या तेव्हा साळूबाई आणि नवसामावशी, दोन्हीकडून हुंदके आले. मधे मीही होतो.

शकू, बघितला. नीट बघितला.

फाटकवाल्यानंच मारला.